आषाढातलं गलबत

कागद खरा की दर्या खरा, असा तंटा एकदा खारवाडी बंदरात उभा राहिला.

तिथे म्हाळसाबाई वागळ्यांची सराफी पेढी होती. इथल्या व्यापाऱ्यांनी परगावाहून मागवलेला माल गलबतात भरल्याचा तांडेलाचा दाखला विकणाऱ्याने आणावा आणि पैसे घेऊन जावेत, असा पेढीचा शब्द असे. अट एवढीच, की माल श्रावण लागायच्या आत निघालेला हवा.

भाद्रपदात याच किनाऱ्यावरच्या दूरच्या बंदरातले विश्रामशेट दाखला घेऊन आले. माल पोचलाच नव्हता, पण दाखल्यावर ‘आषाढ शुद्ध दशमीस गलबत सुटले’ असं ठसठशीत लिहिलं होतं. बाईंनी पैसे अडवले, तसे शेट तडक सुभेदारांकडे गेले.

“सराफाने कागद बघावा, गलबतात डोकावू नये,” शेट म्हणाले. “कागदात खोट दाखवा, नाहीतर पैसे टाका.”

सुभेदार घाटावरून नुकतेच आलेले. त्यांना ते पटलं. “काय हो बाई, खोट कुठे आहे?”

“खोट कसली, सरकार? पैसे केव्हाच रवाना केलेत. त्याच आषाढ दशमीला, आमच्या गलबतातून, शेटांच्या गावी. हा आमच्या तांडेलाचा दाखला.”

शेट उसळले. “कुणाला बनवता, बाई? नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्याशिवाय या किनाऱ्यावर कुणी गलबत पाण्यात लोटत नाही! हा दाखला साफ बनावट आहे!”

“आहेच मुळी,” म्हाळसाबाई म्हणाल्या. “तुमचाच समोर ठेवून उतरवलाय. नावं तेवढी बदलली.”