खिळ्यावरचा दांडा

जीपगाड्या घराच्या परसातच दुरुस्त व्हायच्या, त्या काळची ही गोष्ट आहे. शिदू मिस्त्रीने आपल्या जीपचं इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही बदलायला काढली. जुना गिअरबॉक्स आंब्याखाली पडला होता. सकाळी भंगारवाला येणार होता.

"आजोबा, झिजलात की!" नवा गिअरबॉक्स हसला. "आता वितळा आणि खिळे व्हा."

वितळण्याची भीती जुन्याला होतीच.

नवं इंजिन जागेवर बसलं. पण त्याला गिअरबॉक्स जोडताना गिअरबॉक्सचा दांडा इंजिनावरच्या क्लच प्लेटच्या मधल्या भोकात शिरेना. प्लेट केसभर सरकली होती.

"अहो, बोल्ट आवळून ओढून घ्या की," जॅक धरून बसलेली त्याची बायको केराबाई म्हणाली.

"ओढला तर दांडा मोडेल," मिस्त्री म्हणाला.

नव्या गिअरबॉक्सचं हसणं थांबलं.

मिस्त्रीने जुना गिअरबॉक्स खोलला आणि त्याचा दांडा काढून पुसला. दोघांचे दांडे एकाच मापाचे होते. प्लेट सैल करून जुना दांडा तिच्यातून घालताच ती मधोमध आली. मिस्त्रीने ती तशीच आवळली आणि दांडा हळूच बाहेर काढला. मग नवा गिअरबॉक्स अलगद आत गेला.

सकाळी भंगारवाल्याने बाकीचं लोखंड नेलं. दांडा मात्र तेल लावून दारामागच्या खिळ्याला टांगलेला होता.

"आजोबा," नव्याने खालच्या आवाजात विचारलं, "आता कुणाची वाट बघता?"

"तुझ्यानंतर येईल त्याची. तो तुला हसेल, तेव्हा रागावू नकोस."