आधी काय दळलं?

एकदा एका गिरणीवालीने आपली पिठाची गिरणी बंद करायचे ठरवले. दगड फुटला नव्हता, मोटार जळली नव्हती. तरीही तिने सकाळी दाराला कुलूप घातले, किल्ली पदराच्या टोकाला बांधली आणि ती टेकडीपलीकडच्या गावी आपल्या गुरूंकडे निघाली.

तिचे नाव सगुणा. तिचे गुरू म्हणजे दाजीबा. त्यांनी सारे आयुष्य गिरणीत घालवले होते, आणि आता हात थरथरू लागल्यामुळे ते घरी बसले होते. सगुणा ऐन विशीत त्यांच्याकडे दळण शिकली. गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी केव्हा लावायची, म्हणजे छिन्नीने त्याच्यावर पुन्हा खाचा केव्हा पाडायच्या, हे त्यांनी तिला शिकवले. दगडाच्या आवाजावरून ओलसर धान्य कसे ओळखावे आणि चिमटीत घेतलेले पीठ करपले आहे की नाही हे कसे जाणावे, हेही शिकवले. मग तिने आपल्या गावात, चढावरच्या आळीत, स्वतःची गिरणी घातली. त्याला सहा वर्षे झाली.

पहिली तीन वर्षे तिच्या दारातली डब्यांची रांग पायरीखाली उतरत असे. पुढे ती आखडत गेली. आता चढावरच्या बाया डोक्यावर डबा घेऊन तिच्याच दारावरून जात, थेट खाली एसटीच्या थांब्याजवळच्या गिरणीत. येताना भरला डबा घेऊन तोच चढ दमत चढत. खालच्या गिरणीतले पीठ भरड निघते आणि दाताखाली कचकचते, हे सगुणाला माहीत होते. तेच तिला सर्वांत जास्त लागत होते.

दाजीबा ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. तिने किल्ली त्यांच्यापुढे ठेवली.

"ही घ्या. तुमची विद्या माझ्याच्यानं सांभाळली गेली नाही."

दाजीबांनी किल्लीकडे पाहिले, हात लावला नाही. "दगड घासलाय?"

"मागच्याच आठवड्यात टाकी लावली."

"दळण कमी भरतं?"

"चिमूटभरसुद्धा नाही. पीठ पडतं ती कापडी बाही मी तीनतीनदा झटकते."

"मग मिसळ होते?"

सगुणाचा चेहरा लाल झाला. "दाजीबा, उपासाची भगर मी गव्हावर कधी टाकली नाही. आधी माझ्या पदरची मूठभर भगर दळून दगड साफ करते, ते पीठ चिमण्यांना टाकते, मगच गिऱ्हाइकाची भगर घालते. तुम्हीच शिकवलंय."

"हं," दाजीबा म्हणाले. त्यांनी चार दाणे तिच्या हातावर ठेवले. "किल्ली तुझ्यापाशीच राहू दे. उद्या येतो. दिवसभर बसतो तुझ्याकडे. मग बंद करायची तर करू. चहा मात्र मागेन तेव्हा द्यायचा."

दुसऱ्या दिवशी ते आले, आणि कोपऱ्यातल्या पोत्यावर एखाद्या पाहुण्यासारखे बसून राहिले.

पहिल्या आल्या कोंडाबाई. त्यांच्या जिभेला आळीतले सगळे वचकून असत. त्यांनी डबा आपटला.

"काय गं, मागल्या खेपेला गहू दळलास की नुसता घाबरवून सोडलास? निम्मा चाळणीत तसाच!"

चाळणीचे कारण सगुणाला माहीत होते. कोंडाबाईंनी नवी चाळणी आणली होती, मैद्याची. ओठ मिटून तिने गहू दळला, बाही तीनदा झटकली, डबा पुढे सरकवला. कोंडाबाई पायरी उतरेपर्यंत बडबडत होत्या.

त्यांच्या मागे शेवंता उभी होती. तीन महिन्यांपूर्वी आळीत लग्न होऊन आलेली. तिचाही गहूच होता.

"ताई," ती हळूच म्हणाली, "जरा बारीक द्याल का? पुरणपोळ्यांना हवंय."

"माझी गिरणी बारीकच दळते," सगुणा म्हणाली. "पटत नसेल तर खाली जा."

शेवंताने मान खाली घातली. पीठ मात्र रेशमासारखे पडले. दाजीबांनी उठून त्यातली चिमूट बोटांवर चोळून पाहिली आणि ते पुन्हा पोत्यावर जाऊन बसले.

थोड्या वेळाने एक म्हातारी आत्याबाई पिशवीत भगर घेऊन आली. आत पाऊल टाकायच्या आधीच तिने विचारले, "सगुणा, आधी काय दळलंस?"

"गहू, आत्या. थांबा जरा." सगुणाने आपल्या डब्यातली मूठभर भगर दगडात सोडली, पडलेले पीठ गोळा करून पायरीवर टाकले, आणि मगच म्हातारीची पिशवी उचलली. चिमण्या टपकन उतरल्या.

"वा!" दाजीबा मोठ्याने म्हणाले. सगुणाला बरे वाटले.

दुपारी जेवण झाल्यावर दाजीबांनी डोक्याला फडके गुंडाळले. "आता तू पोत्यावर बस. मी दळतो."

डबा उचलायला त्यांना दोन्ही हात लागत होते, तरी एक दाणा खाली सांडत नव्हता. सगुणा कौतुकाने बघत राहिली. मात्र पहिले दळण होताच त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. येताना आणलेल्या पिशवीतून त्यांनी मूठभर गहू काढला, तो दगडात सोडला, ते पीठ ओंजळीत घेऊन पायरीवर गेले, चिमण्यांना टाकले आणि समोरच्या टेकडीकडे पाहत उभे राहिले. मग आत येऊन त्यांनी दुसऱ्या बाईचा डबा घेतला. तिचे दळण झाले, आणि पुन्हा तेच. पुन्हा मूठ, पुन्हा पायरी.

बायांची चुळबूळ सुरू झाली. एकीने विचारलेच, "आजोबा, चिमण्यांची पण रांग आहे का आमच्यात?"

"आहे तर. त्यांच्याकडेही आज पाव्हणे आलेत."

सगळ्या हसल्या. सगुणाला मात्र अवघडल्यासारखे झाले. ती त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाली, "दाजीबा, गव्हावर गहूच आहे सगळा. भगर नाही कुणाची. मूठ कशाला वाया घालवता?"

दाजीबांनी ऐकले न ऐकलेसे केले.

इतक्यात कोंडाबाई सकाळचे पीठ घेऊन परत आल्या. "हे बघा, पुन्हा भरड! आणि तुम्ही कोण? या वयात लोकांची दळणं नासवायला आलात होय?"

दाजीबांनी त्यांचे सगळे बोलणे ऐकून घेतले. पीठ पुन्हा एकदा दगडातून काढून दिले. त्या गेल्यावर त्यांनी पिशवीत हात घातला. या वेळी ते पायरीवर बराच वेळ उभे राहिले. सगुणाने पाहिले, त्यांचे वर चढलेले खांदे हळूहळू खाली आले. चिमण्यांनी पीठ टिपून संपवले, तेव्हा ते वळले.

दाराशी शेवंता होती. पाहुणे वाढले म्हणून सासूने आणखी गहू देऊन पिटाळले होते. आत यावे की खाली जावे, हे तिचे ठरत नव्हते.

"ये पोरी. कसं हवंय?"

"कसंही चालेल."

"कसंही कसं चालेल? पहिल्यांदाच करतेयस पुरणपोळ्या?"

तिने मान हलवली.

"मग बारीक देतो. आणि फुटली एखादी पोळी, तर गिरणीवाल्याचं नाव सांग खुशाल. म्हातारा आहे, खपून जाईल."

शेवंता हसली. तिच्या डाव्या गालावर खळी पडते, हे सगुणाला त्या दिवशी प्रथम दिसले. तीन महिने ती मुलगी दळण आणत होती.

दिवस कलल्यावर मोटार बंद झाली. हवेतले पीठ खाली बसले. चहाचा कप पुढे करून सगुणा म्हणाली, "ती मूठ कशासाठी होती?"

दाजीबांनी उलट विचारले, "सकाळी शेवंताला तू काय दिलंस?"

"गव्हाचं पीठ."

"चांगलं होतं. चिमटीत घेतलं होतं मी. पण त्यात आधीचं मिसळलेलं होतं. कोंडाबाईंचं दळण तू त्या पोरीच्या डब्यात टाकलंस." त्यांनी चहाचा घोट घेतला. "दगड इतका स्वच्छ ठेवतेस, भगरीत गव्हाचा कण जाऊ देत नाहीस. पण माणसावर माणूस तसंच दळतेस. माझी मूठ दगडासाठी नव्हतीच, सगुणा. ती माझ्यासाठी होती. कोंडाबाई मलाही लागल्या ना. ते लागलेलं पायरीवर टाकून यायला मला तेवढा वेळ लागतो."

गेल्या तीन वर्षांत दारावरून पुढे गेलेल्या बाया सगुणाला एकेक करून आठवू लागल्या. कुणाला आपण काय बोललो होतो, तेही आठवू लागले.

"हे मला आधी का नाही शिकवलंत?" तिने विचारले.

"मलाच येत नव्हतं. अकरा वर्षं झाली होती गिरणीला. एकदा मोटार दुरुस्त करणाऱ्याशी भांडलो, आणि पुढच्या बाईला वाटेल ते बोललो. लेकीच्या डोहाळजेवणाचं दळण होतं तिचं. ती तशीच डबा उचलून गेली. पुन्हा आली नाही. दगडाची विद्या मी तीन वर्षांत शिकलो गं. ही अजून शिकतोय. आज दुपारी बघितलंस ना, किती वेळ उभा होतो ते?"

निघताना त्यांनी उरलेल्या गव्हाची पिशवी गिरणीजवळच्या खिळ्याला अडकवली. सगुणाने पदराची गाठ सोडली आणि किल्ली त्याच खिळ्याला टांगली.

पुढच्या सोमवारी सकाळी कोंडाबाई ज्वारी दळून घेऊन गेल्या. जाताना नेहमीप्रमाणे दोन शब्द जास्तच बोलून गेल्या. लगोलग शेवंता आली. सासूच्या उपासाची भगर तिच्या हातात होती. उंबऱ्याबाहेरच थांबून तिने बेताने विचारले, "ताई, आधी काय दळलंत?"

"ज्वारी," सगुणा म्हणाली. डबा घ्यायला पुढे केलेला हात तिने मागे घेतला. "ज्वारी, आणि थोडा राग. थांब हं, आधी मूठभर माझं घालते."

पीठ ओंजळीत घेऊन ती पायरीवर गेली. चिमण्या आधीच येऊन बसल्या होत्या.