मागचं बाई बघतील

एका राज्यात राजा होता, प्रधान होता, बोलणारे पक्षी होते आणि वेळेवर सुटणाऱ्या बसगाड्याही होत्या. त्यातली एक गाडी राजपुत्र धैर्यशील चालवीत असे. पोवाड्यातला धैर्यशील तो हाच. मंतरलेल्या डोंगरावरून संजीवन पाणी आणून ज्याने शिळा झालेल्या बहिणीला उठवले, असे शाहीर डफावर थाप मारून सांगतात, तोच.

शाहिरांचे काय जाते सांगायला! खरी गोष्ट अशी की बहीण उठलीच नव्हती. कालदंष्ट्र जादूगाराशी लग्न करायला कुंदवतीने नकार दिला, म्हणून त्याने तिची शिळा केली. पाणी आणताना मागे वळून पाहायचे नाही, एवढीच अट होती. डोंगराने बहिणीच्या आवाजात हाक मारली, धैर्यशील वळला, घडा रिता झाला आणि झरा आटला. वळल्याचा शाप असा, की ती उठेपर्यंत त्याला ना म्हातारपण, ना मरण. पुढे जादूगार मेला, राजे बदलले, शाप तेवढा राहिला. शिळेभोवती गाव वाढले, बसस्थानक झाले. लोक कुंदवतीच्या खांद्याला पिशव्या टेकवून गाडीची वाट पाहू लागले. ते बघून धैर्यशीलच्या जिवाची काहिली होई. तिच्याजवळ राहता यावे म्हणूनच त्याने ही चाकरी धरली होती.

एके सकाळी भारद्वाज पक्षी त्याच्या गाडीवर उतरला. म्हणाला, "राजपुत्रा, डोंगरावर नवा रस्ता खोदला, त्यात झरा पुन्हा फुटला आहे. पाणी दिवस मावळायच्या आत शिळेवर पडले पाहिजे. अट जुनीच आहे. आरशातही मागे पाहू नकोस."

धैर्यशीलने त्याच दिवशी डोंगराची फेरी मागून घेतली. गाडीच्या वाहक द्वारकाबाई तोंडाने फटकळ, पण कामाला चोख होत्या. त्याने त्यांना सगळे सांगितले. बाईंनी शापाला चार शेलक्या शिव्या दिल्या. डोंगरमाथ्यावर उतारू उतरले, त्याने झऱ्याचे पाणी कळशीत भरून आणले, तोवर बाईंनी गाडीच्या आरशांना फडकी बांधून ठेवली होती.

"मागचं मी बघते," त्या म्हणाल्या. "तुम्ही पुढचं बघा."

"आवाज खोटा आहे हे मला तेव्हाही ठाऊक होतं, बाई. तरी मान वळली."

"तेव्हा मागं कोणी नव्हतं. आता मी आहे. गाडी कोणाच्या ओरडण्यावर थांबत नाही, धैर्यशीलराव, घंटीवर थांबते. एक वाजली तर थांबा. दोन वाजल्या तर चला."

त्यांनी दोरी ओढली. टण् टण्. रिकामी गाडी घाट उतरू लागली.

पहिल्या वळणावर कोणीतरी ओरडले, चाक निखळले, गाडी थांबवा. टण् टण्. गाडी पुढे गेली.

दुसऱ्या वळणावर त्याच्या मेलेल्या पित्याचा आवाज आला. एका पोरीपायी राज्य घालवलेस, आता तोंड तरी दाखव, असे तो म्हणाला. धैर्यशीलचे डोळे भरून आले, रस्ता पुसट झाला. टण् टण्. त्याने बाहीने डोळे पुसले आणि गाडी पुढे काढली.

तिसऱ्या वळणावर कोणी ओरडले नाही. अगदी पाठीमागच्या बाकावरून कुंदवती हळूच म्हणाली, "दादा, मी उठले रे. एकदा बघ ना माझ्याकडे."

त्याचा पाय ब्रेकवर गेला. गाडी घाटाच्या कडेला उभी राहिली. कुंदवती पुन्हा पुन्हा हाका मारीत होती. मान वळू नये म्हणून त्याने कपाळ स्टिअरिंगवर टेकले, आणि तो लहान मुलासारखा रडला.

मागे रिकाम्या बाकांमध्ये द्वारकाबाई एकट्या उभ्या होत्या. त्यांनाही ती हाक ऐकू येत होती आणि त्यांचाही जीव कळवळला होता. त्यांनी दोरी घट्ट धरली. टण् टण्. गाडी हलली नाही. पुन्हा टण् टण्. तळहात सोलला तरी त्यांनी दोरी सोडली नाही.

धैर्यशीलने दात-ओठ खाल्ले, गियर टाकला आणि थेट स्थानकात येऊनच गाडी थांबवली.

डोंगराआड सूर्याची कोर उरली होती. शिळेवर टेकलेल्या पिशव्या त्याने बाजूला केल्या आणि कळशी ओतली. दगड मऊ झाला, श्वास घेऊ लागला. कुंदवतीने डोळे उघडले. त्याच घटकेला धैर्यशीलच्या कानशिलांवर पांढरे केस आले. इतक्या वर्षांनी तो माणसात आला.

तिने गाड्या पाहिल्या, दिवे पाहिले, अनोळखी माणसे पाहिली. राजवाडा कुठेच नव्हता. तिने भावाचा हात धरला.

"दादा, आपलं घर कुठं आहे?"

"राजवाडा पडला, कुंदे. आगाराच्या मागे मला एक खोली मिळाली आहे. नळाला सकाळी पाणी येतं."

"तू असतोस तिथं?"

"असतो."

"मग चल की," ती म्हणाली.

ती दोघे जशी घरी पोचली, तशी तुम्ही-आम्ही ज्यांची वाट पाहतो ती माणसेही घरी पोचोत.