सहा वर्षं झाकलेलं ऊन

"दसऱ्याच्या दिवसापासून आमच्या वीजघराच्या चिमणीतून धुराचा कण निघणार नाही! आणि राजवाड्यातला एक दिवाही मिणमिणणार नाही!"

तांबडगिरीच्या राजा दुर्जयसिंहानं ही शपथ घेतली ती सतरा राजांच्या सभेत, मिशीला पीळ भरून. टाळ्या पडल्या, हारतुरे झाले. महाराज घरी परतले आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, की हे करायचं कसं ते आपल्याला ठाऊकच नाही! दसऱ्याला उरले होते नऊ दिवस, आणि सतराच्या सतरा राजे खातरजमा करायला येणार होते.

दरबार भरला. ऊर्जामंत्री भुजंगराव म्हणाले, "महाराज, चिमणीला हिरवा रंग देऊ."

बांधकाममंत्री दौलतराव म्हणाले, "त्यापेक्षा चिमणी दुप्पट उंच करू. धूर शेजारच्या राज्यात पडला, की तो त्यांचा!"

आणि या अकलेचे हे दोघे पगार घेत होते बरं का!

"गाढवांनो!" महाराज कडाडले. "मुळात हा धूर करतं कोण?"

मंत्र्यांचं सहा वर्षांत पहिल्यांदाच एकमत झालं. "भट्टीवाडीची माणसं, महाराज! कोळसा तेच टाकतात!"

राजवाड्यात भर दुपारी चौदा हजार दिवे जळत होते, त्यांचं नाव कुणी काढलं नाही. दवंडी मात्र पिटली गेली. दसऱ्यापर्यंत भट्टीवाडीनं धूर थांबवावा. नाही जमलं तर दोनशे घरं त्याच दिवशी राज्याबाहेर!

भट्टीवाडीत रडारड सुरू झाली. बयजाचा नवरा रावजी गाडग्या-मडक्यांची बोचकी बांधायला बसला. बयजा वीस वर्षं भट्टीची राख वाहत होती. तिनं पाटी आपटली.

"सोडा ती बोचकी! मी दरबारात जाऊन येते."

"बयजे, डोकं फिरलंय का तुझं?"

"माझं नाही, त्यांचं फिरलंय. रोज त्या माळावरून जाते मी. आंधळी नाही!"

केसांत राख तशीच घेऊन ती दरबारात उभी राहिली. मंत्र्यांनी नाकाला रुमाल लावले.

"धूर थांबवीन, महाराज. नऊ दिवस कशाला, दसऱ्याला घटकाभर पुरे. पण एक माणूस लागेल. मी सांगेन तो, आणि मी सांगेन ते त्यानं करायचं."

"दिला!" महाराज गरजले. "कोणीही असो! नाही म्हणाला तर नाकात वेसण घालून आणीन. हा राजाचा शब्द!"

दसरा उजाडला. चिमणी भकाभका धूर ओकत होती. वाडीच्या तोंडाशी हद्दपारीच्या गाड्या जुंपून ठेवल्या होत्या, आणि दोन्ही मंत्री मिशीतल्या मिशीत हसत होते. बयजा महाराजांना, मंत्र्यांना आणि आलेल्या सतरा राजांना घेऊन माळावर गेली.

माळावर होता मखमलीचा एक अवाढव्य पडदा, आणि शेजारी वरच्या तळ्याच्या उताराला तसाच दुसरा, लहान. मोठ्या पडद्याखाली सहा वर्षांपूर्वी कारागिरांनी सौर पॅनेलं बसवली होती. तारा जोडल्या, चाचणी घेतली आणि ते आपल्या गावी गेले. राहिलं होतं फक्त उद्घाटन! ते अडलं कोनशिलेवर. भुजंगरावांचं नाव वर, की दौलतरावांचं? सहा वर्षांत सहा शिला कोरल्या आणि फोडल्या. शेजारी पाटी होती: 'महाराजांआधी पडद्याला हात लावणाऱ्याचे हात तोडले जातील.' मखमलीवर ऊन पडत होतं, आणि खाली वाडीची माणसं कोळसा टाकून खोकत होती. बयजा रोज हे बघायची आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"माझा माणूस द्या, महाराज."

"कोण हवाय?"

"तुम्ही!"

भुजंगराव ओरडले, "काय हा उद्धटपणा! महाराज एका राखवालीच्या हुकमात?"

"नाही म्हणतायत का ते?" बयजानं शांतपणे विचारलं. "मग वेसण घालायला कुणाला सांगू?"

सतरा राजे खो खो हसत सुटले. महाराजांचे कान लाल झाले. पण शब्द दिला होता, करतात काय! पुढे झाले.

"ही दोरी. ओढा. जोर लावा की! मी रोज याहून जड पाटी उचलते!"

पडदा कोसळला. पॅनेलं लखलखली. बयजानं निशाणासारखा पदर फडकावला, तसं खाली भट्टीपाशी रावजीनं कोळशाचं फावडं बाजूला ठेवलं. धूर विरळ झाला, मग थांबला. राजवाड्यातले दिवे जसेच्या तसे जळत होते. भर उन्हात ते लागतात कशाला, हे बयजाच्या ओठांवर आलं होतं. पण एका दिवसात राजाचा अपमान करायचा तरी किती, म्हणून तिनं तो प्रश्न उद्यावर ठेवला.

"आणि रात्री?" दौलतराव कुत्सितपणे म्हणाले. "रात्री सूर्य काय माहेरून आणणार?"

"माहेरून कशाला? दिवसा उरलेली वीज पाणी वरच्या तळ्यात चढवील. रात्री तेच पाणी खाली येताना चाक फिरवील. चाक त्या दुसऱ्या पडद्याखाली आहे. तुम्हीच बसवलंत, रावसाहेब! विसरलात?"

महाराजांनी कुणी न सांगताच दुसऱ्या पडद्याची दोरी ओढली.

"सहा वर्षं एवढंच करायचं राहिलं होतं?"

"एवढंच, महाराज. दोनशे घरं उठवायचं तुम्ही एका बैठकीत ठरवलंत. दगडावर कुणाचं नाव वर, ते सहा वर्षांत ठरलं नाही!"

क्षणभर महाराजांचा हात तलवारीकडे गेला. मग ते असे हसले, की मुकुट घसरून कानावर आला. गाड्या परत गेल्या. वीजघराचा सगळा कारभार, पगारासकट, भट्टीवाडीकडे आला. दोन्ही मंत्र्यांना रोज पॅनेलं पुसायचं काम मिळालं, बयजाच्या हाताखाली.

"आणि तुला स्वतःला काय हवं, बाई?"

बयजानं मातीत पडलेल्या मखमलीकडे बोट दाखवलं.

"हा पडदा द्या, महाराज. वाडीतल्या पोरांना गोधड्या शिवीन. सहा वर्षं यानं ऊन अडवलं, आता थंडी अडवू दे!"