प्राण नको, खुर्ची द्या

आमचे मामंजी, सुभेदार केरबा शेलार, हसत सांगायचे, "फौजेत हुकूम माझा, घरात हिचा."

एका पंधरा ऑगस्टला आमदार गावात आले. मंडपातल्या खुर्चीतून उठून माइकवर म्हणाले, "देशासाठी मी कधीही प्राण द्यायला तयार आहे."

सत्काराला उभ्या राहिलेल्या मामंजींनी हात जोडले. "साहेब, प्राण राहू द्या. ते हौसाबाईच्या पोरानं सीमेवर दिलेत, आणि ती तिकडं उन्हात उभी आहे. तिला आधी तुमची खुर्ची द्या."

आमदारांनी मुकाट्यानं दिली.

काल मामंजींच्या शोकसभेला तेच आमदार आले. पुढे केलेल्या खुर्चीवर त्यांनी सासूबाईंना बसवलं आणि स्वतः शेवटपर्यंत उभे राहिले.

सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "घरात कधी चालला नाही, पण बाहेर अजून ह्यांचाच हुकूम चालतोय."