एका निखाऱ्याची भीक

भाविकहो, करुणादास महाराज त्या आषाढात निंबदऱ्याला मुक्कामी होते. डोंगराच्या कुशीतले कोष्ट्यांचे हे लहानसे गाव. गावाबाहेरच्या पडक्या धर्मशाळेत महाराज एकतारीवर प्रभू येशूची पदे गात, आणि ऐकायला कोणी आले नाही तरी गात. येत असे ती एकटी गिरजा, तरुणपणी कुंकू पुसलेली, कडेवर दोन वर्षांची पोर घेऊन. पिढ्यान्‌पिढ्या ज्याची वाट पाहिली तो मशीहा आला, आणि सिंहासनावर न बसता वधस्तंभावर चढला, हे ऐकून ती ढसाढसा रडली होती. तिने बाप्तिस्मा घेतला. पोरीचे नाव महाराजांनी रूथ ठेवले.

महाराज तेव्हाच म्हणाले होते, “बाई, ही वाट सोपी आहे असे मी तुला सांगणार नाही. हिच्यावर आपली माणसे सुटतात.”

माणसे सुटलीच. तिचा थोरला दीर आबाजी जातीचा पंच. त्याने पंचायत बसवून फर्मावले, गिरजाकडे कोणी जायचे नाही, तिला कोणी विस्तव द्यायचा नाही. आज आपल्याला यात काय एवढे, असे वाटेल. पण तेव्हा खेड्यात काड्यापेटी कुठली? चूल विझली की शेजारणीकडून गोवरीवर निखारा आणायचा. विस्तव बंद म्हणजे माणूस जिवंतपणी मेला! गिरजा बिचारी रोज निजताना निखारा राखेखाली पुरून ठेवी आणि सकाळी फुंकून जागा करी.

मग झड लागली. छप्पर गळून चुलीत पाणी साचले. चकमक झाडून झाडून तिची बोटे सोलली, पण सादळलेला कापूस पेट घेईना. महाराज त्या दिवशी ओढ्यापलीकडच्या गावी गेले होते. इकडे रूथ तापाने फणफणली आणि मग गारठत चालली. शेवटी गिरजा लाज गिळून, पदराखाली गोवरी घेऊन आबाजीच्या दारात उभी राहिली.

आबाजी ओसरीवर शेगडीशी हात शेकत बसला होता.

“काय गं, तुझा मशीहा राजा हाय न्हवं? मग राजाला एक निखारा धाडता येईना व्हय?” आबाजी म्हणाला आणि भोवतालचे खो खो हसले.

“भावजी, पोर गारठलीया. पाया पडते, इस्तू द्या.”

आबाजीचा आवाज खाली आला. “माझ्या भावाची पोर हाय ती. मला का कळवळा न्हाई? एकच बोल. त्या येसूची नि माझी वळख न्हाई, एवढं म्हण, आन् ही शेगडीच उचलून ने.”

गिरजाने तोंड उघडले. खोटे बोलावे, पोर वाचवावी, असे तिच्या जिवाने हजारदा घोकले. शब्द काही फुटला नाही. ती तशीच माघारी फिरली. दिवसभर तिने रूथला उराशी धरले, आपल्या अंगाची होती नव्हती ती ऊब दिली. दिवस मावळायच्या आत लेकरू गेले.

दुसऱ्या दिवशी महाराज छातीभर पाण्यातून ओढा ओलांडून आले. मातीला गावचे कोणी आले नाही. खड्डा महाराजांनी खणला, पोर गिरजाने ठेवली. घरी येऊन दोघे थंड चुलीपाशी बसले.

“महाराज, एक शब्द बोलले असते तर माझी रूथ जगली असती. का न्हाई बोलले मी?”

महाराज म्हणाले, “प्रभूला धरून नेले तेव्हा बाहेर अंगणात शेकोटी होती. तुझ्यासाठी मरेन म्हणणारा शिष्य तिथे हात शेकत होता, आणि तिथेच म्हणाला, मी त्याला ओळखत नाही. प्रभू बांधलेले, एकटे. बाई, काल तू शेकोटी सोडून त्यांच्याजवळ उभी राहिलीस.”

“मग त्यांनी माझ्या पोरीला ऊब का न्हाई दिली?”

महाराजांचे डोळे भरून आले. “मला ठाऊक नाही,” ते म्हणाले.

मग त्यांनी चुलीतल्या ओल्या राखेवर हात ठेवला आणि डोळे मिटले. ओठ हलत होते. आणि काय सांगावे! राख हलली, तिच्यातून तांबूस उजेड डोकावला, आणि रसरशीत निखारा वर आला. ओली गोवरीही त्याच्यावर धडधडून पेटली.

गिरजाला आनंद झाला नाही. तिने पाण्याचा तांब्या उचलला. “हा काल पायजे हुता!”

“विझवायचा तर विझव,” महाराज म्हणाले. “तुझा आहे.”

तिने तांब्या खाली ठेवला.

झड थांबेना. ओढा गावात शिरला, चुली बुडाल्या, उंचावरच्याही पावसाने विझल्या. साऱ्या निंबदऱ्यात धूर निघत होता तो एका गिरजाच्या छपरातून. दुसऱ्या दिवशी दुपारी दारातला उजेड अडला. आबाजी! हातात रिकामे खापर, अंगावर चिखल.

“गिरजा,” तो म्हणाला, “सून बाळंत झाली. नातू हाय. अंग निळं पडलंय त्याचं. बाजेखाली ठेवायला इस्तू न्हाई.”

गिरजा उठून उभी राहिली. तिच्या ओठांवर तोच सौदा आला होता. म्हण आता, म्हण की त्याची नि माझी वळख हाय! महाराज कोपऱ्यात मान खाली घालून बसले होते. त्यांनी वर पाहिले नाही.

आबाजीनेच विचारले, “काय म्हणू? तू म्हणशील ते म्हणतो.”

तिला रूथचे गार पाय आठवले.

“काई म्हणू नका, भावजी,” ती म्हणाली. “न्या.”

खापर भरून घ्यायला आबाजी चुलीपुढे गुडघ्यांवर बसला. खापर तसेच रिकामे राहिले. मग जातीचा तो पंच पुढे वाकला आणि त्याने कपाळ चुलीच्या राखेला टेकवले. उठेचना.

गिरजाने त्याच्या हातातले खापर काढून घेतले, आपल्या हाताने निखाऱ्यांनी भरले, वर राख पसरली.

“उठा,” ती म्हणाली, “पोर गारठंल.”