नुसतंच तोंडीलावणं

"हे कशाशी खायचं?" भिवाबुवांनी विचारलं.

"कशाशीच नाही, बुवा. नुसतंच खायचं."

"नुसतंच?"

"नुसतंच. गाजर उचलायचं, वाटीत बुडवायचं, तोंडात टाकायचं. वाटीत आहे त्याला डिप म्हणतात."

बुवांनी तबकाकडं पाहिलं. मग विश्रामकडं पाहिलं.

"म्हणजे तोंडीलावणं."

"तसं म्हणा."

"आणि ते लावायचं कशाला?"

विश्राम हसला. सात वर्षं परदेशी प्रवासी बोटीच्या मुदपाकखान्यात काढून तो हे हसू शिकून आला होता. समोरच्याला काही कळत नसलं की हसायचं ते.

तबक देखणं होतं, यात वाद नाही. मधोमध नवलकोलाचे दोन हंस, मानेला मान लावून. भोवती गाजराची फुलं आणि मुळ्याची कमळं. कडेनं काकडीच्या होड्या, होड्यांवर ढोबळ्या मिरचीची शिडं. तीन वाट्या होत्या. एकीत चक्क्यात घोटलेला पुदिना, दुसरीत बिटाचं गुलाबी दही, तिसरीत भाजलेल्या तिळाचं वाटण. अशी चाळीस तबकं मठाच्या स्वयंपाकघरात ओळीनं मांडली होती, ओल्या फडक्यांखाली.

चूल मात्र थंड होती.

"बोटीवर सगळ्यांना दात असतात काय रे?" बुवांनी विचारलं.

"असतात. नसले तर बसवून घेतात."

बुवा हसले नाहीत. त्यांचे स्वतःचे तीनच उरले होते.

धरणाच्या पाण्याकाठच्या ह्या मठाला पंचक्रोशीत दारमठ म्हणत. कारण तिथली रीत. उत्सवाच्या दिवशी पहिलं ताट समाधीपुढं जात नाही, दारात जातं. दारात जो सगळ्यांच्या आधी येऊन बसला असेल त्याच्यापुढं. त्यानं जेवायचं आणि पोट भरलं की म्हणायचं, "भरलं." मग रांधणाऱ्यानं उंबऱ्यावर उभं राहून हाळी द्यायची, "दार जेवलं हो!" मग घंटा. मग पंगत. तोवर मठात कुणी घोटभर पाणीसुद्धा प्यायचं नाही, मग तो महंत असो की मामलेदार.

आणि नवा रांधणारा ज्या दिवशी पहिली हाळी देतो, त्या दिवशी आमटी वाढायचं पितळी ओगराळं त्याच्या हाती येतं. ओगराळं ज्याच्या हाती, स्वयंपाकघर त्याचं. भिवाबुवांच्या हाती ते चाळीस वर्षं होतं.

आज ते विश्रामला मिळायचं होतं.

त्यासाठीच तो बोट सोडून आला होता. त्याची आई ह्याच मठात पंगती उठल्यावर उष्टी काढायची. पत्रावळींच्या ढिगामागं उभं राहून त्यानं ओगराळं फिरताना पाहिलं होतं. पुढं दोन वर्षं बुवांच्या हाताखाली तो भाजी निवडायला होता. बुवांनी त्याला विळी धरायला शिकवलं, आणि तो पळाला ते थेट समुद्रात. आता विळी त्याच्या हातात नव्हती. चौदा सुऱ्यांचा जर्मन संच होता, कातडी पिशवीत गुंडाळलेला.

तबकांची कल्पना मठाच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष शहाजीराव यांची.

"ह्या वर्षी धूर नको, बुवा," ते आठवड्यापूर्वी म्हणाले होते. "पाण्याकाठी एवढी फार्महाऊसं झालीत. नाताळच्या सुट्टीला सगळे आलेत. प्रथमच मठात येतायत. त्यांना धूर सोसत नाही, तेल चालत नाही, मांडी घालून बसता येत नाही. विश्राम आहे ना? ह्यातला वस्ताद आहे तो."

"आणि दारच्यांचं काय?"

"दारच्यांनाही हेच. एकच ताट! मठात भेदभाव नको."

ह्या वाक्याला मंडळाच्या बैठकीत टाळ्या पडल्या होत्या. भेदभाव नको, हे ज्याच्या पोटात सकाळची न्याहारी असते त्यालाच सुचतं.

"बुवा, बघा तरी एकदा चाखून," विश्राम म्हणाला. "तिळाचं तुम्हाला आवडेल."

"आधी दार."

"तुम्ही घरचे. तुम्हाला कसली रीत?"

"आधी दार," बुवा म्हणाले, आणि भिंतीवरचं ओगराळं काढून पंच्यानं पुसू लागले.

दारात वीटभट्टीवरची माणसं बसली होती. सत्तरेक असतील. उत्सवाच्या दिवशी भट्टी बंद असते आणि दारमठात आमटी-भाकरी असते, हे त्यांना ठाऊक होतं. तीन कोस चालून आली होती. आदल्या संध्याकाळी मुद्दाम थोडकंच खाऊन आली होती. बायकांच्या पातळांना, पुरुषांच्या टाचांना, सगळ्यांना एकच रंग होता, विटेचा.

सगळ्यांत पुढं ठकूबाई होती. सत्तरीची. उजाडायच्या आत येऊन उंबऱ्याला टेकून बसलेली.

विश्रामनं तबक तिच्यापुढं ठेवलं. मागं शहाजीराव उभे राहिले. त्यांच्यामागं मंडपात खुर्च्यांवर पाहुणे, आणि ओगराळं हातात धरून बाजूला भिवाबुवा.

ठकूबाईनं तबकाला आधी नमस्कार केला.

"द्येवाचं हाय न्हवं? कुठनं खाऊ?"

"कुठूनही खा, आजी."

"ह्यो बगळा?"

"हंस आहे तो."

"त्येला मोडू?"

"मोडा की."

तिनं हंस मोडला नाही. एक गाजराचं फूल घेतलं आणि तोंडात टाकलं. तिच्या तोंडात एकही दात नव्हता. फूल ह्या गालातून त्या गालात गेलं. परत आलं. पुन्हा गेलं. मंडपातून दोघे-तिघे मोबाइल उंच धरून चित्रण करत होते.

ठकूबाईनं फूल हळूच हातावर काढलं, पदरानं पुसलं, पदराच्या टोकाला बांधलं.

"नातीला दात हायत," ती म्हणाली. जणू माफी मागत होती.

मग तिनं वाटीत बोट बुडवलं. पुदिन्याची वाटी चाटूनपुसून संपवली. गुलाबी संपवली. तिळाची संपवली.

"लई ग्वाड केलंय. हाताला चव हाय तुज्या."

विश्रामची छाती फुगली. त्यानं बुवांकडं पाहिलं. बुवा ठकूबाईकडं पाहत होते.

ठकूबाईनं बोटं पुसली, हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिली.

सगळे थांबले…

"काय झालं, आजी?" विश्रामनं विचारलं.

"काय न्हाई, बाबा. बसलीया. भाकरी येऊ द्या सावकाश."

खुर्च्यांच्या मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग कुणीच हसलं नाही.

शहाजीराव खाली वाकले. आवाजात साखर घालून म्हणाले, "आजी, भाकरी नाही आज. हेच जेवण."

"ह्येच?"

"हेच. ह्यात सगळी जीवनसत्त्वं आहेत. पाहुणे ताटकळलेत. तेवढं भरलं म्हणा."

ठकूबाईनं रिकाम्या वाट्यांकडं पाहिलं.

"आन् न्हाई म्हनलं तर?"

"तर कुणालाच जेवता येणार नाही. रीत आहे मठाची. आम्हाला नाही, पाहुण्यांना नाही… तुमच्या ह्या माणसांनाही नाही."

ठकूबाईनं मागं वळून पाहिलं. सत्तर माणसं तिच्याकडं पाहत होती. पाणीसुद्धा न पिता.

ती पुन्हा पुढं वळली.

"भरलं," ती म्हणाली.

"शाब्बास!" शहाजीराव सरळ झाले. "विश्राम, दे हाळी."

विश्राम उंबऱ्यावर चढला. ह्या एका हाळीसाठी तो सात समुद्र हिंडून परत आला होता. उष्टी काढणाऱ्या बाईचा पोर उंबऱ्यावर उभा राहणार, सारं गाव मान वर करून बघणार. कितीदा त्यानं बोटीवरच्या अरुंद खोलीत, तोंडावर उशी दाबून, ती देऊन पाहिली होती.

आता तो बुवांकडं वळला.

"बुवा," तो हळूच म्हणाला, "देऊ?"

"तुझं ताट. तुझी हाळी."

"पण ती…"

"मला विचारू नकोस."

"मग कुणाला विचारू?"

बुवांची नजर उंबऱ्यावर खिळली होती. चाळीस वर्षं ज्यांच्या नजरेला मठातला कुणी नजर देत नव्हता, त्या माणसाला आज मान वर करवत नव्हती. विश्रामला ते दिसलं. त्यानं अर्थ लावला, बुवा थकले असावेत.

"अरे, दे की!" शहाजीराव म्हणाले. "लाजतोस काय नव्या नवरीसारखा?"

मंडपात हशा पिकला.

विश्रामनं हाळी दिली.

"दार जेवलं हो…!"

मुदपाकखान्याच्या खडखडाटात ओरडून कमावलेला आवाज. पार पाण्यापलीकडं गेला आणि डोंगरावर आपटून परत आला. जेवलं हो… जेवलं हो… घंटा वाजली. टाळ्या वाजल्या.

पुढचं सगळं ठरल्याप्रमाणं झालं. पाहुण्यांनी हंसांसोबत फोटो काढले. एका बाईंनी गुलाबी वाटीची कृती लिहून घेतली. एक गृहस्थ म्हणाले, खेड्यात इतकं स्वच्छ, इतकं हलकं खाणं मिळेल असं वाटलं नव्हतं. शहाजीरावांनी छोटंसं भाषण केलं आणि त्यात परंपरा हा शब्द सहा वेळा आला.

भट्टीवाल्यांना अंगणात बारा तबकं मिळाली. सत्तर माणसांत बारा. सत्तर माणसं कच्चं गाजर चावू लागली की तबेल्यात चंदी टाकल्यासारखा आवाज होतो. तो आवाज थोडाच वेळ झाला. मग ती उठली, अंगणातली देठं स्वतःच गोळा केली, उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि आली तशी तीन कोस चालायला लागली. ठकूबाई त्यांच्यात मधोमध होती. कुणी तक्रार केली नाही. तक्रार करायलासुद्धा पोटात थोडं काही लागतं.

दुपारी मंडपातली तबकं परत आली. फुलं सुकली होती. होड्यांना पाणी सुटलं होतं. हंस मात्र शाबूत होते, सगळेच्या सगळे.

"नाव काढलंस, गड्या!" शहाजीराव विश्रामच्या पाठीवर थाप मारून गेले. "पुढच्या वर्षी शंभर तबकं!"

स्वयंपाकघरात दोघंच उरले. विश्राम आणि भिवाबुवा.

बुवांनी ओगराळं पुढं केलं.

विश्रामनं ते घेतलं नाही. चाळीस वर्षांत बुवांच्या अंगठ्यानं दांड्याला खळगा पडला होता. तो त्या खळग्याकडं पाहत राहिला.

"बुवा, ती म्हणाली ते खोटं होतं."

"हो."

"मी ओरडलो तेही खोटं होतं."

"हो."

"तुम्हाला तेव्हाच माहीत होतं."

"हो."

"मग मला थांबवलं का नाही?"

बुवांनी पुढं केलेला हात मागं घेतला नाही. बाहेर मंडपवाले खुर्च्या एकात एक घालत होते.

"चूल पेटवतो," विश्राम म्हणाला. "डब्यात पीठ आहे. होतील तेवढ्या भाकऱ्या थापतो, घेऊन भट्टीवर जातो."

"जा."

"त्या म्हातारीच्या पाया पडतो."

"जा. ती म्हणेल, असू दे बाबा. तुला तेच जास्त लागेल."

विश्राम चुलीपुढं खाली बसला. थंड राखेत त्यानं उगाच बोट फिरवलं.

"मी जातो, बुवा. पण ओगराळं मला नको."

"घे."

"कुठल्या तोंडानं घेऊ? सगळ्या गावासमोर खोटी हाळी दिली मी. ज्यानं खोटी हाळी दिली त्याच्या हातात हे कसं ठेवता तुम्ही?"

भिवाबुवा त्याच्यासमोर उकिडवे बसले. त्याची मूठ उघडली. ओगराळं तिच्यात ठेवलं आणि एकेक करून त्याची पाचही बोटं दांड्यावर मिटली.

"माझी पहिली हाळीही खोटीच होती," ते म्हणाले.